सतरा शेकेलचं शेत

गेले चार-पाच वीकएंड मी ज्यूंच्या धर्मग्रंथात अडकून पडलोय. घाबरू नका, धर्मांतर वगैरे काही नाही. ख्रिश्चन लोक ज्याला 'जुना करार' म्हणतात आणि ज्यू 'तनाख' म्हणतात, तोच ग्रंथ. सुरुवात झाली एका बोगद्यापासून. इंजिनिअर माणूस, बोगदा म्हटलं की डोकावणारच. पण आत शिरलो तो बोगदा बघायला, आणि बाहेर पडलो एका शेताच्या खरेदीखतापाशी. बोगदा इ.स.पू. ७०१ च्या आसपासचा, खरेदीखत इ.स.पू. ५८७ च्या आसपासचं. मधे शंभरावर वर्षं. शहर तेच, जेरुसलेम. देव तोच. आणि 'देवावर भरवसा ठेवा' हा सल्लाही तोच. फक्त पहिल्या वेळी तो खरा ठरला आणि दुसऱ्या वेळी त्याच सल्ल्याने शहर बुडालं. असं का, हे शोधता शोधता हा लेख झाला.

आधी बोगदा. जुन्या जेरुसलेमला पाणी मिळायचं ते गीहोन नावाच्या झऱ्यातून, आणि झरा होता शहराच्या उतारावर, खाली दरीच्या बाजूला. वेढा पडला की शत्रू झऱ्यावर बसणार, आणि आतले लोक तहानेने मरणार. म्हणून हिज्कीया राजाने डोंगराच्या पोटातून बोगदा खोदून पाणी शहराच्या आतल्या बाजूला आणलं. लांबी ५३३ मीटर. दोन टोळ्यांनी दोन टोकांकडून एकाच वेळी खोदायला सुरुवात केली. बोगदा सरळ नाही, चांगला नागमोडी आहे. तरी दोन्ही टोळ्या मधे बरोब्बर भेटल्या! दोन टोकांमधल्या उंचीतला फरक जेमतेम ३० सेंटिमीटर. टोटल स्टेशन नाही, लेझर नाही, जीपीएस तर सोडाच. आपल्याकडे रस्त्याच्या दोन बाजूंनी आलेले पेव्हर ब्लॉक मधे जुळत नाहीत हो.

१८८० साली या बोगद्याच्या भिंतीवर कोरलेला एक जुना हिब्रू शिलालेख सापडला. तेव्हा तिथे तुर्की सुलतानाचं राज्य, त्यामुळे तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात शेवटच्या काही हातांचं वर्णन आहे: खडकापलीकडून माणसाचा आवाज ऐकू येणं, त्या आवाजाच्या दिशेने कुदळी चालवणं, आणि मग पाणी वाहणं. मला गंमत वाटली ती ही, की शिलालेखाचा जो भाग शिल्लक आहे त्यात राजाचं नाव नाही. देवाचंही नाही. नुसती कामगारांची गोष्ट. प्रोजेक्ट संपल्यावर जो ईमेल फिरतो त्यात खऱ्या काम करणाऱ्यांची नावं सोडून सगळ्यांची असतात, त्याच्या अगदी उलट :)

आता हा उपद्व्याप कशासाठी? असिरियासाठी. त्या काळातली ती महासत्ता. हिज्कीयाने असिरियाला खंडणी देणं बंद केलं, आणि सन्हेरीब नावाचा सम्राट इ.स.पू. ७०१ मधे फौज घेऊन यहूदाच्या राज्यावर चालून आला. ही स्वारी आपल्याला दोन्ही बाजूंनी कळते, आणि इतक्या जुन्या इतिहासात हे भाग्य क्वचित मिळतं. सन्हेरीबने मातीच्या षटकोनी स्तंभांवर आपले पराक्रम कोरून ठेवले. त्यातला एक ब्रिटिश म्युझियममधे आहे. त्यात तो ४६ तटबंदीची गावं घेतल्याचं सांगतो, २,००,१५० माणसं पकडून नेल्याचं सांगतो (हा आकडा अर्थातच जिंकणाऱ्याचा आहे, पाहिजे तेवढं मीठ लावून घ्या), आणि हिज्कीयाला त्याच्याच राजधानीत पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं असंही सांगतो. लाखीश हे यहूदाचं दुसऱ्या नंबरचं शहर. ते कसं पाडलं याची तर त्याने निनवेच्या महालात दगडी चित्रमालिकाच करून घेतली. तटाला लावलेला मातीचा चढाव, त्यावरून वर सरकणारी यंत्रं, बैलगाडीवर संसार लादून निघालेल्या बायका-पोरं. तो चढाव लाखीशला आजही उभा आहे.

पण जेरुसलेम घेतल्याचं तो म्हणत नाही. पिंजऱ्यात कोंडलं म्हणतो, खंडणी आली म्हणतो, आणि विषय बदलतो. स्टेटस रिपोर्ट वाचायची सवय असलेल्या कोणालाही कळेल की इथे काहीतरी राहून गेलंय.

तनाखमधे याच वेढ्याचा एक प्रसंग आहे. सन्हेरीबचा एक बडा अधिकारी तटाखाली येऊन उभा राहतो आणि भाषण ठोकतो. भाषण कसलं, मानसिक युद्धच. तुमचा भरवसा आहे तरी कशावर? इजिप्तवर? तो तर मोडका बोरू, टेकाल तर हातात घुसेल. देवावर? इतक्या देशांच्या देवांनी आपापल्या देशाला वाचवलं का? हिज्कीयाचे अधिकारी कासावीस होऊन त्याला विनवतात की बाबा, अरामी भाषेत बोल, आम्हाला समजते, इथल्या भाषेत नको, तटावरची माणसं ऐकतायत. आणि तो मुद्दामच आवाज चढवून लोकांच्या भाषेत बोलायला लागतो. अडीच हजारांवर वर्षांपूर्वीचा प्रसंग, पण वाचताना एखादी बिघडत चाललेली कॉन्फरन्स कॉल डोळ्यांसमोर येते.

त्या भाषणात हिब्रूतला एक धातू पुन्हा पुन्हा येतो: 'बटाख'. भरवसा ठेवणं, भार टाकणं, निर्धास्त असणं. म्हणजे या सगळ्या प्रकरणाचा मूळ प्रश्न शत्रूच्याच तोंडून विचारला गेलाय. भार टाकलाय तो नेमका कशावर?

यशया नावाचा संदेष्टा तेव्हा जेरुसलेममधे होता. त्याने राजाला धीर दिला की शहर पडणार नाही. आणि नाही पडलं. कसं? तनाख सांगतो की एका रात्रीत देवदूताने असिरियाच्या छावणीतली १,८५,००० माणसं मारली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सन्हेरीबच्याच फौजेची पण इजिप्तच्या सीमेवरची एक कथा सांगतो, त्यात उंदरांनी रातोरात धनुष्याच्या दोऱ्या कुरतडल्या. उंदीर म्हटल्यावर काही जणांना प्लेग आठवतो. इजिप्तची फौज येत होती हे कारणही सांगितलं जातं. आणि खंडणी तर दोन्ही बाजूंना मान्य आहे: सोनं ३० टॅलेंट, म्हणजे साधारण ९०० किलो, हा आकडा तनाखमधेही तोच आणि सन्हेरीबच्या स्तंभावरही तोच. चांदीचे आकडे मात्र जुळत नाहीत, ३०० विरुद्ध ८००. हिज्कीयाने मंदिराच्या दारांवरचा सोन्याचा पत्रासुद्धा उचकटून दिला. माझ्या मते यातलं एकच कारण निवडायचा हट्ट करू नये. वस्तुस्थिती एवढीच की भोवतालचा मुलूख बेचिराख झाला, लाखीश गेलं, आणि जेरुसलेम राहिलं.

आणि एक बारकावा. यशयाने बोगदा-तटबंदीच्या कामाचं कौतुक केलेलं नाही. उलट तो फटकारतो: घरं मोजलीत, ती पाडून त्यांच्या दगडांनी तट भक्कम केलात, पाणी साठवलंत, पण हे सगळं ज्याने घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलो होतो. अहो, पाण्याची सोय केली नसती तर भरवसा ठेवायला तटाच्या आत माणूस उरला असता का? पुन्हा वाचल्यावर दिसलं की तो बोगदा बुजवा असं कुठेच म्हणत नाही. त्याची तक्रार अशी की बोगदा झाल्यावर तुम्ही निर्धास्त झालात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर शहर वाचलं, आणि खरा घोळ इथून सुरू झाला.

एकदा घडलेल्या गोष्टीचा लोकांनी नियम केला. इथे देवाचं मंदिर आहे, देव आपलं घर पडू देणार नाही, सबब जेरुसलेम पडणार नाही. पुरावा? ७०१! त्याच काळात मीखा नावाच्या खेड्यातल्या दुसऱ्या संदेष्ट्याने सांगून ठेवलं होतं की असंच वागत राहिलात तर सियोनच्या टेकडीवर नांगर फिरेल. ते बाजूला पडलं. पडणारच. ज्या डेमोमधे सिस्टिम चालली तोच सगळ्यांच्या लक्षात राहतो.

पुढची नव्वदेक वर्षं भराभर सांगतो. इ.स.पू. ६१२ मधे निनवे पडलं, असिरिया संपला. ६०९ मधे यहूदाचा चांगला राजा योशिया मगिद्दोला इजिप्तच्या फारोकडून मारला गेला. ६०५ मधे कार्कमिशच्या लढाईत बाबिलोनने इजिप्तला झोडपलं आणि नवा दादा ठरला नबुखद्नेस्सर.

याच धामधुमीत यिर्मया पुढे येतो. इंग्रजीत जेरेमाया म्हणतात तो. जेरुसलेमपासून चार-पाच किलोमीटरवर अनाथोथ नावाचं गाव होतं, तिथल्या पुरोहित घराण्यातला. राजा यहोयाकीमच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला तो थेट मंदिराच्या आवारात उभा राहिला आणि आत जाणाऱ्या भाविकांना म्हणाला की 'हे देवाचं मंदिर आहे' असं तीन तीनदा घोकून तुम्ही वाचणार नाही. परक्याला, अनाथाला, विधवेला छळता, चोऱ्या करता, खोट्या शपथा घेता आणि मग इथे येऊन सुरक्षित झालो म्हणता? शिलोला जाऊन बघा, तिथेही देवाचं ठाणं होतं, काय उरलंय? त्याने इथे शब्द वापरलाय तो 'बटाख'च. तटाखालच्या असिरियन अधिकाऱ्याने विचारलेला प्रश्न आता घरचाच माणूस विचारत होता.

पुरोहित आणि दरबारी संदेष्टे खवळले. देहदंड द्या म्हणाले. मग जो खटला झाला तो मला फार आवडतो, कारण त्यात काही वडीलधारी मंडळी उठून चक्क दाखला देतात. हिज्कीयाच्या काळात मीखाही हेच बोलला होता, राजाने त्याला मारलं का? नाही. राजा देवाला भ्यायला, आणि आलेलं संकट टळलं. म्हणजे ७०१ ची आठवण दोन तऱ्हांनी जपली गेली होती. बहुतेकांच्या मते शहर वाचलं कारण ते पडूच शकत नाही. या म्हाताऱ्यांच्या मते शहर वाचलं कारण राजाने कडू बोलणं ऐकून घेतलं. घटना एक, निष्कर्ष दोन, आणि पुढचं सगळं त्यावर ठरलं. यिर्मया सुटला. तशीच भविष्यं सांगणारा उरीया नावाचा दुसरा एक संदेष्टा मात्र इजिप्तला पळाला होता, त्याला तिथून धरून आणून मारण्यात आलं.

इ.स.पू. ५९७ च्या मार्च महिन्यात नबुखद्नेस्सरने जेरुसलेम घेतलं. त्याच्या इतिवृत्ताच्या मातीच्या पाटीवर तारखेसकट नोंद आहे. तरुण राजा, दरबारी, लोहार, कारागीर असे कामाचे लोक त्याने बाबिलोनला नेले. तिथल्या कोठारातल्या पाट्यांवर या कैदी राजाला मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंदसुद्धा सापडली आहे. गादीवर बसवला सिद्कीया. शहर आणि मंदिर शाबूत राहिलं, त्यामुळे लोकांचा नियम अजून मोडला नव्हता. वाकला होता फक्त.

तीनेक वर्षांनी यिर्मया गळ्यात लाकडी जू अडकवून हिंडायला लागला. बाबिलोनचं जू सोसा, टिकाल, असा अर्थ. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात भर गर्दीत ते जू मोडून टाकलं आणि जाहीर केलं की दोन वर्षांत सगळे कैदी परत, मंदिराची भांडी परत. लोकांना काय ऐकायला आवडलं असेल ते सांगायला नको. यिर्मयाचं उत्तर बघा: आमेन, देव तसंच करो. उपहास नसावा असं मला वाटतं. आपलं म्हणणं खोटं ठरलं तर त्याला आनंदच झाला असता. थोड्या वेळाने तो परत आला आणि म्हणाला, लाकडाचं मोडलंस, आता लोखंडाचं येईल. त्याच सुमारास बाबिलोनमधल्या कैद्यांना त्याने पत्र पाठवलं होतं, त्याचा आशय: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, त्या शहराचं भलं चिंता, सत्तर वर्षं लागणार आहेत. ज्यांच्या बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या, त्यांना हे सांगायचं म्हणजे कठीणच. पण ते लोक खरंच तिथे रुजले. इराकमधून मिळालेल्या पाट्यांमधे चक्क 'यहूदानगर' अशा अर्थाच्या नावाचं गाव येतं, सगळ्यात जुनी पाटी इ.स.पू. ५७२ ची, आणि त्यात ज्यू नावांची माणसं शेतसारा भरतायत, उधारी करतायत.

मग सिद्कीयाने बंड केलं आणि शेवटचा वेढा पडला. वेढा आवळत असताना राजाने यिर्मयाकडे माणसं पाठवली. निरोप साधारण असा, की देवाला विचार, कदाचित तो पूर्वी करायचा तसा चमत्कार करील आणि नबुखद्नेस्सर निघून जाईल. त्या 'पूर्वी'मधे ७०१ आहे, दुसरं काय असणार?

इथे मला जरा थांबायचंय. माझे एक मामा दोनदा अतिदक्षता विभागात होते. पहिल्या वेळी घरी अखंड पारायण झालं, मामा चालत घरी आले. दुसऱ्या वेळी बाहेरच्या बाकावर बसलेले सगळे एकच वाक्य बोलत होते: भरवसा ठेवा, मागच्या वेळी नाही का वाचले? डॉक्टर काय सांगत होते ते कोणाला ऐकायचंच नव्हतं, कारण ते ऐकणं म्हणजे श्रद्धा कमी असणं. मामा गेले. तेराव्याच्या आत कोणीतरी मामीला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणालंच की यावेळी मनापासून झालं नसेल. सिद्कीयाचा निरोप वाचताना मला तो बाक आठवला. देव आहे की नाही हा माझा प्रश्न नव्हता, आजही नाही. पण जो भरवसा मागच्या निकालावर उभा आहे, तो निकाल फिरला की माणसावरच उलटतो, हे मी बघितलंय. मामी अजून तिन्हीसांजेला दिवा लावते. का, ते मी तिला विचारलेलं नाही.

असो. वेढ्याकडे येऊ.

वेढ्याच्या धास्तीने जेरुसलेमच्या श्रीमंतांनी आपले हिब्रू गुलाम धर्मशास्त्राप्रमाणे मोकळे केले. करार केला, मंदिरात, देवासमोर. तेवढ्यात इजिप्तची फौज निघाल्याची बातमी आली आणि बाबिलोनचं सैन्य वेढा उठवून तिकडे वळलं. शहरात काय आनंद झाला असेल! झालं की ७०१ सारखंच! आणि या आनंदात त्यांनी पहिलं काम काय केलं? सोडलेले गुलाम परत धरून आणले. सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त लागलेला प्रसंग हा. यिर्मयाने यावर जे सुनावलंय ते भयंकर आहे. संकट टळल्यावर माणूस काय करतो यावरून त्याचा भरवसा कशावर होता ते कळतं, आणि यांचा तर इजिप्तच्या घोड्यांवर होता.

सैन्य परत आलं. यिर्मया म्हणत होताच की येणार. त्या मधल्या उसंतीत तो शहराबाहेर पडत असताना वेशीवरच्या पहारेकऱ्याने त्याला फितूर म्हणून पकडलं होतं. मार, अंधारकोठडी, मग पहारेकऱ्यांच्या चौकात कैद. पुढे तर त्याला चिखलाने भरलेल्या हौदात टाकलं. आरोप होता की हा सैनिकांचे हात ढिले करतो. (तिथून त्याला दोरीने वर काढणारा माणूस एबद-मलेख, हा राजवाड्यातला कूशी म्हणजे आफ्रिकेतला सेवक. काढण्याआधी त्याने जुने चिरगुटं खाली सोडली आणि काखेत धरायला सांगितली, दोर काचू नये म्हणून. एवढ्या मोठ्या ग्रंथात कोणाला तरी हे लिहून ठेवावंसं वाटलं याचं मला कौतुक आहे.)

ढिले हात हा नुसता वाक्प्रचार नाही. १९३५ साली लाखीशच्या वेशीजवळ जळक्या थरात जेम्स स्टार्कीला खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली, अगदी या शेवटच्या दिवसांतली. एका पत्रात हात ढिले करणाऱ्या बोलण्याची अशीच तक्रार आहे. दुसऱ्यात एक चौकीवाला कळवतो की आम्ही लाखीशच्या धुराच्या खुणांकडे डोळे लावून आहोत, अजेकाच्या दिसत नाहीत. यिर्मयाच्या पुस्तकात लिहिलंय की तटबंदीची गावं उरली होती ती लाखीश आणि अजेका. म्हणजे त्या चौकीवाल्याला बहुधा दोनातला एक दिवा दिसत नव्हता.

आणि या सगळ्याच्या मधे, शहर पडणार हे पंचवीसेक वर्षं ओरडून सांगणारा, त्यापायी तुरुंगात असलेला हा माणूस जमीन विकत घेतो.

त्याचा चुलतभाऊ हनमेल पहाऱ्याच्या चौकात त्याला भेटायला येतो. अनाथोथचं माझं शेत घे म्हणतो. घरची जमीन घरातच राहावी म्हणून जवळच्या नातेवाइकाचा पहिला हक्क असायचा, त्या रिवाजाने. आता अनाथोथ म्हणजे बाबिलोनी फौजेच्या ताब्यातला मुलूख. हनमेलला रोकड हवी होती हे उघड आहे, आणि असल्या बाजारात गिऱ्हाईक तरी कोण मिळणार? यिर्मया घेतो. किंमत सतरा शेकेल चांदी, म्हणजे साधारण १९० ग्रॅम. नाणी नव्हती, तराजूत तोलून दिली. खरेदीखत झालं, साक्षीदारांनी सह्या केल्या, दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद आणि एक वाचता येईल अशी उघडी. त्याचा लेखनिक बारूख याच्या हाती सगळ्यांदेखत दिली आणि सांगितलं, मातीच्या मडक्यात घाल, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं देवाचं सांगणं होतं म्हणे. सातबारासाठी तलाठी कार्यालयात हेलपाटे घातलेल्या माणसाला हे प्रकरण लगेच आपलं वाटेल. इतक्या जुन्या जगातला व्यवहार इतक्या तपशिलात क्वचितच वाचायला मिळतो.

क्रम बघा पण. आधी व्यवहार पूर्ण झाला. मग एकटा पडल्यावर तो प्रार्थना करतो आणि ती सरळ सरळ तक्रार आहे. तू आकाश-पृथ्वी केलीस, तुला अशक्य काही नाही, वगैरे सुरुवात, आणि शेवट: तटाला चढाव लागलेत, शहर त्यांच्या हातात गेल्यात जमा आहे, आणि तू मला म्हणतोस शेत घे? म्हणजे त्याची खात्री पटलेली नाही. कळलेलंही नाही. सह्या मात्र झाल्यात.

हिब्रूत श्रद्धेसाठी दुसरा शब्द आहे 'एमुना'. 'आमेन'ही त्याच धातूतला. आपण श्रद्धा म्हणजे मनातली खात्री समजतो, पण या शब्दाचा मूळ अर्थ स्थिरपणा, टिकून राहणं. मोशेच्या एका लढाईच्या गोष्टीत तो वर धरलेल्या हातांसाठी येतो. मोशेचे हात जड होतात, दोघं जण दोन बाजूंनी धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात 'एमुना' राहतात. हात! मनाचा उल्लेखच नाही. यिर्मयाच्या चौकातल्या तराजूकडे त्यानंतर बघितलं की मग हा माणूस आतून हललेला असताना नेमकं काय करत होता ते दिसतं. हनन्याला निकाल माहीत होता. यिर्मयाला जवळचा निकाल माहीत होता, आणि तो वाईट होता, म्हणूनच सतरा शेकेलना वजन आहे.

इ.स.पू. ५८६ चा उन्हाळा (काही अभ्यासक ५८७ धरतात). तटाला भगदाड पडलं. सिद्कीया रात्री पळाला, यरीहोच्या मैदानात सापडला. त्याच्या डोळ्यांदेखत मुलं मारली आणि मग डोळे काढले. महिन्याभराने मंदिर, राजवाडा, घरं, सगळं जाळलं. दाखले ७ किंवा १० तारीख सांगतात, परंपरेने आव महिन्याची नवमी धरली, आणि त्या दिवशी ज्यू आजही उपास करतात.

या उपासाचा धागा आपल्या कोकणापर्यंत येतो. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणायचे कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, त्यांच्यात या दिवसाचं नाव 'बिरड्याचा सण'. वालाच्या बिरड्यावरून. हिब्रू ग्रंथ, हिब्रू भाषा शतकानुशतकं हातात नसतानाही काही सणवार त्यांनी असे मराठी नावांनी धरून ठेवले होते. जेरुसलेम जळाल्याच्या दुःखाला आपल्या भाषेत वालाच्या बिरड्याचं नाव आहे, हे समजल्यापासून ते ताटात आलं की मी जरा गप्प होतो.

यिर्मयाला शेत मिळालं का? नाही. उरल्यासुरल्या लोकांनी त्याला त्याच्या मनाविरुद्ध इजिप्तला नेलं, आणि त्याचा माग तिथेच संपतो. ते मडकंही कोणाला सापडलेलं नाही. पण १९८२ साली यिगाल शिलोच्या उत्खननात जेरुसलेमच्या जुन्या उतारावर, त्या बोगद्याच्याच डोंगरावर, एका जळालेल्या घरात मातीचे छोटे मोहोर-ठसे सापडले. ५१. कागद, म्हणजे तेव्हाचा पपायरस, गुंडाळून दोऱ्याने बांधायचे आणि गाठीवर ओली माती दाबून शिक्का मारायचे, तसले. त्या घरातली सगळी कागदपत्रं आगीत गेली. ठसे त्याच आगीत भाजून पक्के झाले, आणि पाठीवर पपायरसचे आणि दोऱ्याचे वळ राहिले. एका ठशावर नाव आहे शाफानचा मुलगा गमऱ्या याचं. यिर्मयाच्या पुस्तकात याच नावाचा अधिकारी आहे, ज्याच्या खोलीतून बारूखने यिर्मयाची गुंडाळी लोकांना वाचून दाखवली होती. (बारूखच्या नावाचा ठसाही पुराणवस्तूंच्या बाजारात आला होता, पण तो बनावट असल्याचा निष्कर्ष नंतर अभ्यासकांनी काढला. बाजार तो बाजार.)

इ.स.पू. ५३९ मधे बाबिलोन इराणच्या सायरसच्या हाती गेलं आणि त्याने ज्यूंना परतायची मुभा दिली. एज्राच्या पुस्तकात परत आलेल्यांची लांबलचक यादी आहे, गावागावानुसार, नुसती नावं आणि आकडे. कंटाळवाणी म्हणून लोक ती पानं उलटून पुढे जातात. तिच्यात एक ओळ अनाथोथची आहे. माणसं १२८.